धुण्याचा दगड

"अहो सर, दगडावर उभे राहा ना, तिथं चिखल आहे!"

आई मागल्या दारातून ओरडली, पण सौदागर सर एव्हाना अळवाच्या वाफ्यात उतरले होते. न्हाणीचं सांडपाणी तिथं मुरायचं, त्यामुळे ती माती बारा महिने ओली. सर दोन्ही पाय चिखलात रोवून तांब्यातलं पाणी पायांवर ओतत होते, आणि जितकं पाणी ओतत तितका चिखल वर येत होता. शेजारीच, हाताच्या अंतरावर, आमचा धुण्याचा दगड मोकळा पडला होता. घरातली माणसं, आलागेला, सगळे त्याच्यावरच उभे राहून पाय धुवायचे.

"असू द्या वहिनी," सर म्हणाले. "अळू फार छान आलंय तुमचं."

अळू बघायला एवढं वाकावं लागतं का, असं माझ्या मनात आलं. तांब्या उचलायला म्हणून ते जे वाकले, ते बराच वेळ तसेच होते. मी टॉवेल घेऊन दारात उभी होते, हसू दाबत. वर्गात ज्यांच्यापुढे पोरं खोकायलासुद्धा बिचकायची, तो माणूस आमच्या परसात बदकासारखा एक पाय उचलत होता आणि दुसरा रुतवत होता. पाय धुऊन वर आले तेव्हा ते धुण्याआधीपेक्षा जास्त मळलेले होते. पांढऱ्या पायजम्याच्या दोन्ही कडा काळ्या झाल्या होत्या.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीची. मी औरंगाबादला एम.ए. करत होते आणि प्राध्यापक इनायतुल्ला सौदागर आम्हाला दख्खनची इस्लामी वास्तुकला शिकवायचे. वर्गात मी एकटी मुलगी. आमच्या काकूंना याची फार काळजी. "मशिदींचे घुमट मोजून लग्न जमतं का गं?" असं त्या दर दिवाळीला विचारायच्या. जमलं नाही, हे त्यांच्या हयातीतच सिद्ध झालं, पण तो वेगळा विषय.

हे वेड मला लावलं ते आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी. ते बेलापेठच्या हायस्कूलचे हेडमास्तर. शाळा आजोबांनी, म्हणजे आबांनी काढलेली, दारावर त्यांचंच नाव. मी लहान असताना दादांनी मला ताटात भाकरीचे तुकडे एकमेकांना टेकवून कमान करून दाखवली होती. "दोन्हीकडचे तुकडे पडायलाच निघालेत," ते म्हणाले होते, "पण एकमेकांवर पडतायत, म्हणून उभे आहेत." पुढं दौलताबादला नेलं, खुलताबादला नेलं. बाकीचे बाप पोरींना जत्रेत नेतात, आमचे दादा मला मकबऱ्यात न्यायचे. मला त्यांचा अभिमान होता, आणि तो मी बोलूनही दाखवायचे.

सरांची शिकवण्याची तऱ्हाच निराळी. इमारतीपुढं गेल्यावर पहिला तासभर वही उघडायची नाही. हात पाठीमागं बांधायचे आणि नुसतं बघायचं. बोट दाखवून बोललं की चिडायचे. मग खिशातून सुती दोऱ्याचं रीळ काढायचे. "कमान बघू नका. ज्यानं कमान आखली त्याचा दोरा कुठं बांधला होता, ते शोधा." जुन्या गवंड्यांनी भिंतीत खिळा ठोकून, त्याला दोरा बांधून कमानीची वळणं आखली. अशा टोकदार कमानीच्या वळणांना केंद्रबिंदू चार, म्हणून खिळे चार. कधी कधी त्या खिळ्याचं भोक चुन्याखाली अजून सापडतं.

आमच्या गावच्या काळ्या मशिदीत आम्हाला ते सापडलं होतं. मशीद एवढीशी, पुढं तीन कमानी, काळ्या दगडाची. कमानींच्या खांद्यांवर चुन्यात काढलेली गोल पदकं, वर भिंतीतून पुढं आलेल्या दगडी तोड्यांवर पेललेला छज्जा, आणि कोपऱ्यातल्या मनोऱ्यांच्या टोकाला मिटलेली कमळं. मी लहानपणापासून तिच्यावरून शाळेत गेले होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. सरांनी चुना हलकेच खरवडला, भोकात आपलं बोट घातलं, मग मला घालायला लावलं. "चारशे वर्षांपूर्वी एका माणसानं इथं खिळा ठोकला बेटा. आता इथं तुझं बोट आहे."

पण चारशे वर्षं हे सरांचं म्हणणं झालं. नगरपालिकेचं म्हणणं होतं की मशीद शंभर-सव्वाशे वर्षांची, साधी आहे. बसस्टँडकडं जाणारा रस्ता रुंद करायचा होता आणि मशीद बरोबर त्याच्या तोंडावर होती. समोरच्या बाजूची पाच-सहा दुकानंही जात होती, पण दुकानदारांना भरपाई मिळणार होती. मशिदीत नमाजाला येणारी जेमतेम दहा-बारा म्हातारी माणसं होती. त्यांनी सरांना हात जोडले. सरकारनं सांगितलं, साल सिद्ध करा, जुनी निघाली तर रस्ता वळवू.

आणि साल तिथंच होतं. म्हणजे असायला हवं होतं. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत दोन खाचा होत्या. उजव्या खाचेत फारसी ओळी कोरलेला दगड होता, भोवती वेलीची किनार. मशीद कुणी बांधली ते त्यात होतं, आणि शेवटची ओळ अशी होती : 'या घराचं साल जर कुणी विचारलं, तर सांगा की...' तिथं दगड संपत होता. पुढचं डावीकडच्या दगडावर. आणि डावीकडच्या खाचेत दगडच नव्हता, कुणीतरी ती विटा आणि चुना भरून बुजवली होती.

मी ती खाच स्वतः मोजली होती. लांबी-रुंदी माझ्या चित्रावर लिहिली होती.

सर अळवात उतरले त्या रविवारी आम्ही दोघांनी सकाळभर मशिदीचं मोजमाप घेतलं आणि दुपारी जेवायला घरी आलो. आईनं पुरण घातलं होतं. बेलापेठेत विद्यापीठातला प्राध्यापक घरी जेवायला येणं ही काही छोटी गोष्ट नव्हती. पंगतीला दादा, सर आणि मी. आई वाढत होती.

"मग, कुठवर आलंय संशोधन?" दादांनी विचारलं.

"अर्ध्यावर," सर म्हणाले. "अक्षरशः अर्ध्यावर. दुसरा दगड मिळाला तर मशीद वाचेल. नाही मिळाला तर पंधरा दिवसांनी सुनावणी आहे, त्यात ती जाईल."

"गावात विचारलंत?"

"विचारून काय होणार? असे दगड लोक कामाला लावतात. पायरीला, उंबऱ्याला. त्यात कुणाचा दोष नाही." सरांनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला. "हे घर छान बांधलंय हेडमास्तर साहेब. कधीचं?"

"वडिलांनी बांधलं. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी."

"अच्छा," सर म्हणाले.

आई पुरणपोळी घेऊन आली, तिनं आग्रह केला, सरांनी अर्धी घेतली. तिला 'फार सुरेख' म्हणाले आणि मग पानाकडं बघतच बोलले, "मला एवढंच वाटतं, की तो दगड कुणाकडे असेल तर त्यानं नुसता मशिदीच्या पायरीवर आणून ठेवावा. अंधारात ठेवला तरी चालेल. मी नाव विचारणार नाही. कुणालाच विचारू देणार नाही. दगड सापडला, एवढंच सांगेन."

"असा कोण आणून देणार आता?" दादा म्हणाले.

"देतात. चांगली माणसं देतात."

सर चारच्या एसटीनं गेल्यावर आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. आईनं त्यांची अळवातली चाल करून दाखवली. "अगं, इतका शिकलेला माणूस, पण दगडावर पाय ठेवायचं कळेना! मी ओरडतेय, तरी आपला चिखलातच!" दादा बैठकीत पेपर वाचत होते. एरवी आईच्या नकलांना सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"पण का गं उभे राहिले नाहीत?" आई हसता हसता थांबली. "दगड बुळबुळीत झालाय म्हणून असेल का? मधे खोलगट झालाय, पाणी साचतं. म्हातारा माणूस, घसरायची भीती वाटली असेल. आणि मी मेली हसतेय." ती एकदम ओशाळली. पाहुण्याला आपल्या घरात धड पाय धुता आले नाहीत, हे तिच्या मनाला लागलं.

पंधरा दिवसांनी, सुनावणी सोमवारी म्हणून मी शनिवारीच गावी आले. बरोबर मशिदीचं शाई केलेलं चित्र होतं. इतकं नीट चित्र मी आयुष्यात काढलं नव्हतं. उजव्या दगडावरची वेल मी इतक्यांदा गिरवली होती की डोळे मिटले तरी दिसायची. एक पान, एक कळी, एक पान, एक कळी.

पिशवी खाली ठेवायच्या आत आईनं माझा हात धरून मला परसात नेलं.

"बघ! ओळख, काय नवीन आहे ते!"

धुण्याचा दगड पालथा केला होता. वरची बाजू खाली, खालची वर. आणि ती वर आलेली बाजू नवीन टाकी लावलेल्या पाट्यासारखी दिसत होती, सगळीकडे छिन्नीचे बारीक ठोके, खरखरीत, पांढुरकी.

"मंगळवारी टाकीवाली आली होती. पाटा-वरवंट्याला टाकी लावून घेतली आणि म्हटलं बाई, ह्या दगडाचंही काहीतरी कर, आमचे पाहुणे घसरतात. ती म्हणाली, वरची बाजू गेली, हिला उलटी करू, खालची सपाट असेल. तिच्या नवऱ्यानं पहारीनं उलटा केला. आता उभी राहून बघ, कसा पाय धरतो!"

मी उभी राहिले नाही. मी खाली बसले. दगडाच्या कडेला, एका कोपऱ्यात, छिन्नी नीट पोचली नव्हती. तिथं एक पान होतं आणि एक कळी. किनारीच्या आतल्या बाजूला दोन टिंबं, कुठल्या तरी अक्षराची.

काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी शंभरदा वापरली असेल. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. मी त्या दगडावर कपडे आपटत मोठी झाले होते. खाच मोजताना हीच लांबी, हीच रुंदी माझ्या हातानं लिहिली होती. आणि सर वाकले होते ते अळू बघायला नव्हे. मातीतून उघडी पडलेली, वेल कोरलेली कड त्यांनी पहिल्या नजरेत ओळखली होती. खाली काय लिहिलंय हे कळल्यावर त्यांना त्याच्यावर पाय देववला नव्हता. आणि आम्ही त्यांची नक्कल करून हसलो होतो.

"काय झालं गं?" आईनं विचारलं. "चांगला नाही झाला?"

"चांगला झालाय," मी म्हणाले. "ह्याच्यावर आधी काही होतं का गं आई?"

"होती ना नक्षी. ती टाकीवालीच म्हणाली, बाई, हितं काय तरी लिवल्यालं दिसतंय, ठोकू का नको? मी म्हटलं थांब, मालकांना विचारते. तुझे दादा बाहेर आले, बघितलं, म्हणाले, नुसती वेलबुट्टी आहे, चालू द्या काम. आणि मग खुर्ची टाकून बसले की इथंच! सगळं होईपर्यंत. एरवी घरात खिळा ठोकला तरी यांचं डोकं दुखतं."

दादांना फारसी येत नव्हती. पण लिहिलेलं आणि नुसती वेलबुट्टी यांतला फरक मला शिकवला होता तो त्यांनीच, मकबऱ्याच्या भिंतीपुढं उभं करून.

ते बैठकीत होते. मी दार लोटून घेतलं.

"दादा, तो दगड कुठून आला?"

त्यांनी 'कोणता' असं विचारलं नाही. तेवढं तरी नाटक करतील असं मला वाटलं होतं. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आबांनी आणला. मी चौदा वर्षांचा होतो. अठ्ठेचाळीस साल, निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं, पोलीस ॲक्शननंतरचे दिवस. मशिदीच्या आसपासची सगळी वस्ती पळाली होती. दारं उघडी. लोक चौकटी नेत होते, हंडे नेत होते, कवाडं नेत होते. आबा म्हणाले, दगड चांगला आहे, घर बांधायचंय. गाडीत घातला. मी त्याच्यावर बसून आलो."

"आबांनी?" आमच्या शाळेच्या कचेरीत आबांचा मोठा फोटो होता. दर वर्षी पुण्यतिथीला आम्ही त्याला हार घालायचो.

"तेव्हा सगळेच तसं करत होते," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "नाही. सगळे करत नव्हते."

"सर म्हणाले होते ना, नाव विचारणार नाही."

"ते विचारणार नाहीत. गाव विचारेल. दगड परत आला की कुठून आला हे निघणार. शाळेवर त्यांचं नाव आहे हेमा. दीड हजार मुलं त्या नावाखालून आत जातात."

"मग? म्हणून..."

"मी द्यायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण तो एकट्याला उचलत नाही. दुसऱ्याला हाताशी घ्यायचा म्हणजे सांगावं लागणार. कुणाला सांगू? रोज म्हणायचो, उद्या बघू."

"आणि मग टाकीवाली आली."

"हो," दादा म्हणाले. "मग ती आली."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण खुर्चीत बसलेला तो माणूस फार लहान दिसत होता. मला त्यांची लाज वाटली, आबांची वाटली, आणि आपल्याला वडिलांची लाज वाटतेय याचीही वाटली. उठता उठता त्यांनी माझा हात धरला.

"आईला काही सांगू नकोस. तिनं ते प्रेमानं केलंय."

सोमवारी सर सकाळच्या गाडीनं उतरले. सुनावणीला वेळ होता म्हणून ते थेट मशिदीत गेले. मी तिथंच वाट बघत होते. त्यांनी पहिल्यांदा पायरीकडं बघितलं. पायरी रिकामी होती. मग माझ्याकडं बघून हसले.

"अजून दोन तास आहेत. येतील. मोठ्या माणसाला वेळ लागतो."

म्हणजे सर अजून वाट बघत होते. पंधरा दिवस ते गप्प राहिले होते, आमच्या दादांवर भरवसा ठेवून.

"सर, तो दगड आता..." मी म्हणाले. "त्याला टाकी लावली, सर. सगळी अक्षरं गेली. एक कोपरा फक्त राहिलाय."

सरांच्या हातातलं दोऱ्याचं रीळ खाली पडलं नाही की काही नाही. ते नुसते बुजवलेल्या खाचेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कुणी?"

"आईनं. तिला काही माहीत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी दगडावर उभे राहिला नाहीत ना. तिला वाटलं बुळबुळीत आहे. तुम्ही घसरू नये म्हणून..."

सर पायरीवर बसले. त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, नुसता घड्या घालत राहिले.

"हेडमास्तर साहेब घरी होते?"

"होते."

त्याच्यापुढं त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. मी मनातल्या मनात हात जोडत होते, की त्यांनी ओरडावं, काहीतरी वाईट बोलावं. म्हणजे मला थोडं हलकं वाटलं असतं.

"चूक माझी," ते शेवटी म्हणाले. "मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण तुझी आई पुरण वाटून बसली होती. मला वाटलं, जेवून उठल्यावर बोलू. मग वाटलं, आपण कशाला बोलायचं, ते स्वतः देतील. आपल्याला वाटतं आपण अदब पाळतोय." रुमाल खिशात टाकत ते उठले. "आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. कधीच नको."

सुनावणी तहसीलच्या दालनात झाली. दादाही आले होते, गावातले प्रतिष्ठित नागरिक म्हणून पहिल्या रांगेत. सरांनी माझं चित्र भिंतीला लावलं. कमानी, पदकं, छज्जा, कमळं, एकेक समजावून सांगितलं. सुनावणी घेणारा साहेब चांगला माणूस होता, लक्ष देऊन ऐकत होता.

"हे सगळं ठीक आहे प्रोफेसर," तो म्हणाला. "पण साल? दुसरा दगड?"

मी दादांकडं बघितलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"उपलब्ध नाही," सर म्हणाले.

"पुढं मिळण्याची शक्यता?"

"नाही साहेब."

बाहेर आल्यावर म्हाताऱ्या नमाज्यांपैकी एकानं सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आपने तो बहुत किया, साब." सरांना त्याच्याकडं बघवेना. दादा लांब उभे होते. आम्ही तिघं एकाच रस्त्यानं जाणार होतो आणि कुणाला पहिलं पाऊल टाकता येत नव्हतं.

"चला," सरच म्हणाले. "वहिनींनी जेवायला बोलावलंय ना?"

मला वाटलं होतं ते परस्पर एसटी गाठतील. मी असते तर गाठली असती. ते आमच्या घरी आले, दारात चपला काढल्या. आईनं आतूनच हाक मारली, "आले का? सर, पाय धुवायला मागं या, आज बघा तुमच्यासाठी काय केलंय!"

सर परसात आले. आईनं हात लांब करून दगड दाखवला, लहान मुलीसारखी खूश होती ती. "खास तुमच्यासाठी टाकी लावून घेतली. आता चिखलात नाही उतरायचं. उभे राहा बरं."

सर दगडाकडं बघत उभे राहिले. वर्गात शिकवायचे तसे, हात पाठीमागं बांधून. कितीतरी वेळ. आईला वाटलं ते कौतुकानं बघतायत. दादा मागल्या दारात टॉवेल घेऊन उभे होते, कारण आईनं तो त्यांच्या हातात दिला होता.

मग सरांनी पायजमा वर धरला, आणि उजवा पाय दगडावर ठेवला. मग डावा. राहिलेला कोपरा तेवढा सोडून. मी तांब्यानं पाणी घातलं. अर्धं पाणी बाहेर जात होतं.

"घसरत नाही ना?" आईनं विचारलं.

"नाही वहिनी," सर म्हणाले. "फार छान केलंत."

ते वळले, दादांच्या हातातून टॉवेल घेतला आणि पाय पुसले. दोघांची नजरानजर झाली की नाही, मला दिसलं नाही. मी तांब्यात बघत होते.

दिवाळीच्या आत मशीद गेली. रस्ता रुंद झाला. मी पुढं तीस वर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवला आणि ते चित्र दर वर्षी मुलांना दाखवलं. मुलं विचारायची, डावीकडची जागा कोरी का? मी म्हणायचे, दगड उपलब्ध नाही. सर पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. आई दर उन्हाळ्यात माझ्याबरोबर त्यांच्यासाठी पापड पाठवायची, आणि ते दर वेळी आठवणीनं तिला निरोप द्यायचे.

आणि दादा. त्या दिवसानंतर दादा पाय धुवायला परसात जायचे ते थेट अळवात उतरायचे. उन्हाळा असो, थंडी असो, पाय रुतवून, तोल सांभाळत. पुढं गुडघे गेले, काठी आली, तरी तेच. आईनं तिथं फरशी टाकायचं म्हटलं, तर टाकू दिली नाही. ते जाईपर्यंत ती त्यांच्यावर चिडायची, म्हातारपणी माणसं किती हट्टी होतात म्हणून मला सांगायची. मी सुट्टीत घरी असले की रोज संध्याकाळी मला स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू यायचा. "अहो, दगडावर उभे राहा ना, तिथं चिखल आहे!"